केटोवाल्यांचं एमसीटी तेल: व्हीएलसीएडी, एलसीएचएडी असलेल्या घरांसाठी

केटो आहारवाले (कमी कर्बोदकं, जास्त चरबी खाणारे) घेतात ते एमसीटी, म्हणजे मध्यम साखळीच्या चरबीचं तेल, व्हीएलसीएडी, एलसीएचएडी असलेल्या मुलांना चालतं का? चालतं, पण बाटली पारखून घ्यावी लागते. त्याआधी आजाराचं नाव पक्कं करा. व्हीएलसीएडी, एलसीएचएडी, सीपीटी-२ या जन्मजात आजारांत लांब साखळीची चरबी शरीराला जाळता येत नाही. आपल्या स्वयंपाकातली तेलं, तूप, शेंगदाण्याचं कूट, सगळं यात आलं. ८ आणि १० कार्बनची मध्यम साखळी मात्र कार्निटिनची (लांब साखळीची चरबी वाहून नेणाऱ्या पदार्थाची) वाट न धरता मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या भट्टीत, पोचते आणि तिथे जळते. एमसीएडी या दुसऱ्या आजारात नेमकी ही मध्यम साखळी तोडणारी पायरीच बिघडलेली असते, म्हणून त्या मुलांना हे तेल घातक आहे. व्हीएलसीएडी आणि एमसीएडी ही दोन नावं कानाला सारखी लागतात. दुकानात तोंडी सांगू नका, डाएटिशियनची चिठ्ठी दाखवा.

नाशकात गोळे कॉलनीतल्या औषधांच्या दुकानांत आधी सांगून ठेवलेलं बरं. कॉलेज रोड, गंगापूर रोडला जिमचं सामान विकणाऱ्यांकडेही विचारून पाहा. तिथली बाटली घ्यायला हरकत नाही, फक्त मागचं लेबल वाचा. सी८ आणि सी१०, म्हणजे ८ आणि १० कार्बनची चरबी, किती ग्रॅम ते वेगवेगळं छापलेलं हवं. सी१२, म्हणजे लॉरिक, मिसळलेलं असेल तर ठेवून द्या. नुसतं ‘१००% एमसीटी’ लिहून मोकळ्या होणाऱ्या बाटल्यांवर आमचा मोठा राग आहे, कारण इथे एकेका ग्रॅमचा हिशेब असतो. पावडरमध्ये स्टार्च किंवा दुधाचं प्रोटीनही असतं, तिचं माप तेलाच्या मापाने धरू नका. मालिशसाठी विकतात ते ‘फ्रॅक्शनेटेड’ खोबरेल खायचं नाही. साधं खोबरेलही याची जागा घेत नाही, त्यात जवळपास निम्मं लॉरिकच असतं. डिसेंबरात निफाडकडून गारठा आला की खोबरेल डब्यात थिजतं, चांगलं एमसीटी तेल मात्र पातळच राहतं.

माप वजनाने घ्या. ५ मिली म्हणजे साधारण ४.७ ग्रॅम, जवळपास ४० कॅलरी. घरातला चमचा कधी ४ मिलीचा निघतो, कधी ८ चा, ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्याच. दिवसाचा वाटा डाएटिशियन ठरवतात. तो तीन-चार जेवणांत विभागायचा आणि सुरुवातीला अगदी थोडा द्यायचा. एकदम दिला की पोटात मुरडा येतो, जुलाब लागतात, आणि मूल पुन्हा त्या वाटीकडे बघत नाही.

फोडणी या तेलात होत नाही. मोहरी तडतडेपर्यंत ते धुरावतं आणि कडवट होतं. मोहरी-जिरं झाकण ठेवून कोरडंच भाजा, हिंग-हळदीसह वरणात घाला, गॅस बंद करा, वाढताना ताटातल्या वरणात मोजलेलं तेल ढवळा. पातेल्यात घातलं तर कडेला किती चिकटून राहिलं ते कळत नाही. साय काढलेल्या दुधात किंवा ताकात घुसळूनही जातं. वाटी काचेची किंवा स्टीलची घ्या. थर्माकोलचा कप या तेलाने विरघळतो.

हे तेल घेतलं म्हणून मिसळीची तर्री चालते, असं नाही. बाकीची चरबी ठरलेल्या मर्यादेतच राहते. शिवाय यात लिनोलेइक आणि अल्फा-लिनोलेनिक ही शरीराला स्वतः बनवता न येणारी, पण लागणारी आम्लं नसतात, त्यामुळे अक्रोडाचं किंवा जवसाचं तेल मोजून वेगळं द्यावं लागतं, तेही डाएटिशियनला विचारूनच. उपाशी राहण्यावर तर हा उतारा नाहीच. श्रावणी सोमवारचा उपवास या मुलांना नको. उलट्या सुरू झाल्या, खाणं थांबलं, तर तेलाची बाटली बाजूला ठेवून डॉक्टरांनी दिलेल्या आपत्कालीन पत्रासह दवाखाना गाठा. तिथे डेक्स्ट्रोजची सलाईन लागते. साखर नॉर्मल दिसली म्हणून घरी थांबू नका, ती उशिरा उतरते.

खेळण्याआधी किंवा पांडवलेणीच्या पायऱ्या चढण्याआधी २०-३० मिनिटं द्यायचा डोस डॉक्टरांकडून लिहून घ्या. स्नायूंना याचा चांगला आधार मिळतो. तरीही पाय दुखले आणि लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर स्नायू तुटताहेत. त्याच दिवशी रक्तातल्या सीकेची (स्नायू तुटले की वाढणाऱ्या एन्झाइमची) तपासणी.

सी८-सी१० चे आकडे छापणाऱ्या काचेच्या बाटलीला आम्ही पाचपैकी चार देऊ. एक गुण कापला तो पुरवठ्यासाठी. माल कधी संपेल याचा भरवसा नसतो, म्हणून बाटली निम्म्यावर आली की दुसरी मागवा आणि नव्या बाटलीचं लेबल पुन्हा पहिल्यापासून वाचा.