मिशनच्या मराठी शाळेत कागदी सूक्ष्मदर्शक, मायक्रोबिट आणि मोटर भरायची तार : जून ते मार्च वापरल्यानंतर

आमची शाळा अहिल्यानगर जिल्ह्यातली, मिशनची, मराठी माध्यमाची, पहिली ते आठवी. (जिल्ह्याचं नाव बदललं तरी बोलताना आम्ही अजून नगरच म्हणतो, इथेही तसंच लिहिते.) पाचवीपासून पुढचं विज्ञान माझ्याकडे आहे. कोणी रजेवर असलं की तिसरी-चौथीही. गेल्या वर्षी शाळेच्या काही माजी विद्यार्थ्यांनी ‘स्टेमसाठी (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) वापरा’ म्हणून देणगी दिली. त्यातून काय घेतलं, काय टिकलं आणि काय कपाटात जाऊन बसलं ते सांगते. खरेदीच्या आधी मी जे काही वाचलं होतं, ते एक तर विकणाऱ्यांनी लिहिलेलं होतं किंवा पेटी उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेलं.

पहिला विचार अर्थातच अटल टिंकरिंग लॅबचा, म्हणजे शाळेतच मुलांना हाताने वस्तू बनवून बघायला देणाऱ्या प्रयोगशाळेचा झाला. नीती आयोगाची ही योजना 2016 पासूनची, अनुदान 20 लाखांपर्यंत. पण ती सहावी ते बारावीसाठी आहे आणि तिला दीड हजार चौरस फूट जागा लागते. आमच्याकडे तेवढी मोठी खोली एकच. तिथे सकाळी उपासना होते आणि दुपारी खिचडी वाढली जाते. तो विषय तिथेच संपला.

दुसरा पर्याय होता एका कंपनीच्या तयार ‘लॅब’चा. ओळखीच्या एका शाळेने ती घेतली होती म्हणून बघायला गेले. पेट्या देखण्या, प्रत्येक तुकड्याला नंबर. पण त्यातलं एक दातेरी चाक हरवलं की ती कृती बंद, आणि सुटं चाक बाजारात कुठेच मिळत नाही. प्रशिक्षक पहिल्या वर्षानंतर फिरकले नव्हते. तिथल्या बाई म्हणाल्या, “तपासणीला कोणी आलं की उघडतो.” त्या दिवशी मी एक कसोटी ठरवली : जे बिघडल्यावर तालुक्याच्या गावात दुरुस्त होईल किंवा भरून मिळेल, तेच घ्यायचं. पुढे या कसोटीला मी दोन अपवाद केले. त्यातला एक छान निघाला, दुसऱ्याबद्दल माझं मत अजून दोलायमान आहे.

छान निघालेला अपवाद म्हणजे फोल्डस्कोप. स्टॅनफर्डमधले मनू प्रकाश आणि त्यांचे सहकारी यांनी बनवलेला हा कागदी, घडीचा सूक्ष्मदर्शक. त्याचा शोधनिबंध 2014 चा. सुमारे 140 पट मोठं दाखवतो. भिंग म्हणजे काचेचा एक बारीकसा मणी. कागद साधा नाही, फाटत नाही आणि ओला झाला तरी बिघडत नाही. आम्ही वीस घेतले. शाळेत सूक्ष्मदर्शक आधीपासून होता, पण एकच. तो कपाटातून निघायचा तेव्हा पन्नास मुलं रांगेत उभी राहायची आणि प्रत्येकाच्या वाट्याला चार सेकंद यायचे.

घड्या घालायलाच सहावीला जोडतास पूर्ण लागला. सूचना वाचाव्या लागत नाहीत, चित्रं आणि रंग बघून जमतं. खरी अडचण पुढे येते. दोन्ही अंगठ्यांनी कागदी पट्ट्या सरकवून फोकस करायचा असतो आणि सुरुवातीला निम्म्या मुलांना स्वतःच्या पापण्यांखेरीज काही दिसत नाही. खिडकीकडे तोंड करून, डोळ्याला अगदी टेकवून धरावा लागतो. सूर्याकडे धरायचा नाही, हे मी रोज ओरडून सांगते. मधला भाग स्वच्छ दिसतो, कडा धूसर. चौथीच्या मुलांना दिला तर ती वैतागतात. पाचवीच्या खाली देऊ नका, असं माझं मत.

कांद्याचा पापुद्रा हा आमचा हुकमी एक्का. नगर जिल्ह्यात कांद्याला तोटा नाही. पापुद्रा काढायचा, त्यावर आयोडीनचा थेंब टाकायचा, स्लाइडच्या पट्टीवर ठेवायचा. पहिल्याच तासाला सातवीतल्या एका मुलाने वहीत काळ्या जाड कडेचे गोल काढले आणि खाली लिहिलं, ‘पेशी’. शेजारची म्हणाली, “माझ्या पेशी लांबट आहेत, विटांसारख्या.” वाद पेटला. मी गप्प बसले. मग एकीने पट्टीवरची पारदर्शक टेप बोटाने दाबली आणि त्याचे गोल सरकले, दोन तर एकमेकांत मिसळून एक झाले. “बाई, हे बुडबुडे आहेत! पेशी कशाला पळतील?” वर्षानुवर्षं मी ‘हवेचे बुडबुडे येऊ देऊ नका’ असं फळ्यावर लिहीत आले होते, बुडबुडा दिसतो कसा ते कुणी पाहिलंच नव्हतं. आता नियम एकच : जे दिसतंय ते काढा, पुस्तकातलं चित्र काढायचं नाही.

तक्रारीही आहेत. एका वेळी एकालाच दिसत असल्याने मूल काय बघतंय ते आपल्याला कळत नाही. मोबाइलला जोडायला चुंबक येतं, त्याने प्रश्न सुटतो, पण मोबाइल फक्त माझा. उन्हाळ्यात चुंबकाच्या चिकटपट्ट्या सुटल्या. भिंगाला बोट लागलं की सगळं धुरकट होतं, कापसाच्या काडीने हलकेच पुसावं लागतं. तरी वीसपैकी सतरा अजून नीट चालतात. ओढ्याचं पाणी, जास्वंदीचे काटेरी परागकण, भाकरीवरची बुरशी हे सगळं बघून झालं आणि आता मुलं आपणहून काहीबाही डबीत घालून आणतात. डबी उघडायचं धाडस मात्र मला करावं लागतं.

सगळ्यात स्वस्तात सगळ्यात जास्त शिकवलं ते साध्या मोटरने. एक जाडा सेल, दोन सेफ्टी पिना, जुन्या स्पीकरमधलं चुंबक आणि तांब्याच्या इनॅमल तारेचं (वर वीज अडवणारा रोगणाचा थर असलेल्या) वेटोळं. अरविंद गुप्ता यांची टाकाऊतून खेळणी ज्यांना माहीत आहेत त्यांना यात नवीन काही वाटणार नाही. तार कुठून आणली ते मात्र सांगण्यासारखं आहे. आमच्या बाजारपेठेत मोटर भरणाऱ्यांची, म्हणजे जळालेल्या मोटरला नवी तार गुंडाळून देणाऱ्यांची, दुकानं ओळीने आहेत. पंखा किंवा मोनोब्लॉक पंप भरताना उरलेले तुकडे त्यांच्याकडे किलोने पडलेले असतात. शाळेचं नाव सांगितलं तर पिशवीभर तार फुकट मिळाली आणि वर चहा. पाणबुडी मोटरची तार मात्र घेऊ नका, तिच्यावर प्लास्टिकचं आवरण असतं आणि ती जाड पडते.

या मोटरचा सगळा खेळ तार खरवडण्यात आहे. वेटोळ्याचं एक टोक पूर्ण खरवडायचं, दुसरं फक्त अर्धं, म्हणजे एकाच बाजूने. मी हे आधी सांगत नाही. मुलं दोन्ही टोकं चकचकीत करतात आणि वेटोळं नुसतं थरथरतं, पाळण्यासारखं इकडून तिकडे. का? अर्ध्या फेरीनंतर चुंबकाचा रेटा उलटा होतो आणि ते मागे खेचलं जातं. त्या अर्ध्या फेरीत वीज तोडली तर वेटोळं आपल्याच वेगाने पुढे जातं. आठवीतल्या दोन मुलींनी हे स्वतः शोधलं, तेही चुकून : एकीची ब्लेडची पट्टी बोथट होती आणि एक बाजू खरवडायची राहून गेली. तिचंच फिरलं. मग सगळा वर्ग तिचं टोक बघायला गोळा झाला. तार तापते आणि सेल लवकर बसतो, तेव्हा फिरलं की लगेच सोडवायला लावा.

तिसरी-चौथीला काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी. त्रिकोण हलत नाही, चौकोन कलतो, कर्ण घातला की ताठ होतो. एवढंच, पण ते हाताला कळतं. काड्यांचा गूल आधी काढून घ्या. पाचवीने नाताळच्या चांदणीत बटन सेलवर एलईडी लावला. पांढरे दोन दिवे एकामागे एक जोडले तर पेटत नाहीत, शेजारीशेजारी जोडले की पेटतात. समांतर जोडणी यापेक्षा सोपी करून सांगायची गरज पडली नाही.

आता दुसरा अपवाद, मायक्रोबिट. हातात मावणारी सर्किटची पट्टी : पंचवीस बारीक दिवे, दोन बटणं, आत तापमान आणि हालचाल मोजायची सोय. बीबीसीने 2016 मध्ये ब्रिटनमधल्या अकरा-बारा वर्षांच्या मुलांना लाखोंच्या संख्येने वाटली होती ती. आम्ही नवी आवृत्ती घेतली, तिला स्पीकर आणि माइक आहे. एकीला दीड-दोन हजार पडतात, म्हणून आठच घेतल्या.

पहिले काही आठवडे मुलांनी संगणकावरून प्रोग्रॅम टाकून दिव्यांवर बदाम आणि स्वतःची नावं झळकवली. मजा आली, शिकणं यथातथाच. गाडी रुळावर आली ती परसबागेत. दोन खिळे मातीत खुपसायचे, क्रोकोडाइल क्लिपने मायक्रोबिटला जोडायचे. माती ओली असेल तर वीज सहज जाते आणि 0 ते 1023 मधला मोठा आकडा दिसतो. पण आकडा किती आला म्हणजे पाणी द्यायचं? पुस्तकात उत्तर नाही. एकजण म्हणाला, “माझे आजोबा मूठभर माती दाबून सांगतात वापसा आहे का नाही.” वापसा म्हणजे मातीत पुरेशी, पण जास्त नाही अशी ओल. मग आजोबांनाच बोलावलं. ते मूठ दाबायचे, “आता आहे वापसा” म्हणायचे आणि मुलं आकडा टिपायची. दुसऱ्या वाफ्यात, वेगळ्या मातीत, त्याच वापशाला आकडा वेगळाच आला. आजोबांनी विचारलं, “मग तुमच्या यंत्राचा उपयोग काय?” त्यावर वर्गात जी चर्चा झाली तशी माझ्या नोकरीत क्वचितच झाली असेल.

काही दिवसांनी एक खिळा गंजून खाल्ल्यासारखा झाला, दुसरा तसाच. सतत वीज सोडली की असं होतं. मोजायच्या क्षणापुरतीच वीज सोडायची, असा प्रोग्रॅममध्ये बदल केला तेव्हा खिळे टिकू लागले. तापमानाचंही असंच. मायक्रोबिट काचेच्या तापमापीपेक्षा जरा जास्त दाखवते, कारण ती स्वतःच्या चिपचं तापमान सांगते. “मग खरं कुठलं?” हा प्रश्न विचारायला ती उत्तम.

तरी हात आखडता घेऊन लिहितेय, कारण त्रास बराच आहे. केबल फक्त चार्जिंगची असली तर संगणक मायक्रोबिटला ओळखतच नाही, आणि शाळेतल्या निम्म्या केबल तशाच निघाल्या. सेलच्या डबीच्या तारा टोकाशी तुटतात. डाग द्यायला (सोल्डर करायला) गावातला मोबाइलवाला तयार असतो, म्हणून निभावलं. आठ पट्ट्यांवर पन्नास मुलं म्हणजे एकेका गटात सहा, आणि त्यातली दोघंच करतात. मी आता बटणं दाबणारी मुलं आळीपाळीने बदलते आणि मुलींचे गट वेगळे ठेवते. हे काहींना पटत नाही, पण मिश्र गटात माउस कुणाकडे जातो ते मी पाहिलेलं आहे.

मिशनची शाळा म्हणून वेगळं काय, असं मला विचारतात. खरं सांगायचं तर मोठा प्रश्न वेळापत्रकाचा होता. पस्तीस मिनिटांच्या तासात साहित्य वाटून होतं आणि घंटा वाजते. जोडतास मागितला तेव्हा पंचकमिटीतल्या (चर्चचा कारभार बघणाऱ्या) एका वडीलधाऱ्यांना वाटलं, धर्मशिक्षणाचा तास जाणार. तो गेला नाही, शुक्रवारचे शेवटचे दोन तास मिळाले. त्या बैठकीत आमच्या पाळकांनी चर्चिलची आठवण करून दिली. डी. सी. चर्चिल हे अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे इथे काम करणाऱ्या अमेरिकन मिशनऱ्यांच्या संस्थेचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी नगरमध्ये सुधारित हातमाग बनवला होता. ‘हाताने करणं’ नगरच्या मिशनला नवं नाही, असं म्हटल्यावर विरोध मावळला. पाळकांनीच उपासनेत सांगितलं, की केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेच्या जुन्या दारावर बायबलच्या स्तोत्र 111 मधलं, परमेश्वराच्या कृत्यांचा शोध घेण्याबद्दलचं वचन लॅटिनमध्ये कोरलेलं आहे. मुलांना ते आवडलं.

पण प्रत्येक प्रयोगाला एक वचन चिकटवायचे परदेशी आराखडे मिळतात, ते मी बाजूला ठेवले. आमच्या वर्गात ख्रिस्ती मुलं निम्म्याहून कमी आहेत, आणि गंजलेल्या खिळ्याखाली वचन लिहिल्याने ना खिळा कळतो ना वचन. उपासना उपासनेच्या वेळी. काही सहकाऱ्यांना हे कोरडं वाटतं. वाटू दे.

विज्ञान प्रदर्शनाला वापशाचा प्रयोग नेला, तालुक्यातून पुढे गेला नाही. परीक्षकांना रोबो हवा होता.

पुढच्या वर्षी मायक्रोबिट वाढवणार नाही. त्या पैशात अजून दहा फोल्डस्कोप, चांगले खिळे, डाटा जाणाऱ्या केबल आणि भरपूर सेल घेईन. सेलचा खर्च कुणी आधी सांगत नाही, वर्षभरात तो मायक्रोबिटच्या एका पट्टीइतका झाला. तुमची शाळा पाचवीच्या खालची असेल तर इलेक्ट्रॉनिक काहीच घेऊ नका. काड्या, नळी, चुंबक, तार पुरतात. आणि तारेला पैसे देऊ नका. आधी मोटर भरणाऱ्याकडे जाऊन या, शक्यतो दुपारी. सकाळी त्याच्याकडे शेतकऱ्यांची गर्दी असते.