स्टेडियमला लागून की रुळांपलीकडे? नेरुळच्या दोन घरांचा अनुभव

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि भिवंडीजवळच्या त्याच आमणे परिसरात मोठे क्रिकेट स्टेडियम उभारण्याची चर्चाही आहे. तेव्हापासून माझ्या ओळखीतल्या दोघांनी मला एकच प्रश्न विचारला आहे, की स्टेडियम होणार असेल त्याच्या लगत घर घ्यावे की थोडे अंतर राखून घ्यावे. आमण्याविषयी मी अधिकाराने काही सांगू शकत नाही. नवी मुंबईतल्या नेरुळमध्ये मात्र मी दोन्ही प्रकारे राहिलो आहे. आधी पूर्वेला, डी. वाय. पाटील स्टेडियमपासून हाकेच्या अंतरावर भाड्याने राहिलो आणि २०२३ च्या पाडव्यापासून रेल्वेच्या रुळांपलीकडे पश्चिमेला स्वतःच्या घरात राहतो. त्यामुळे पुढील तुलना एका कुटुंबाच्या अनुभवापुरतीच समजावी.

किमतीचा मुद्दा आधी उरकतो, कारण दलालांचा सगळा भर त्यावरच असतो. ‘स्टेडियम व्ह्यू’ या दोन शब्दांसाठी मला दोन इमारतींत जास्त दर सांगितला गेला आणि दोन्ही ठिकाणी थोडी घासाघीस करताच तो उतरला. हे स्टेडियम २००८ मध्ये सुरू झाले. त्यानंतर नेरुळ महागले हे खरे असले, तरी त्याचे श्रेय स्टेडियमला देणे मला पटत नाही. हार्बर आणि ट्रान्स हार्बर या दोन्ही मार्गांच्या गाड्या इथे येतात, उरणची लोकल इथूनही सुटते, शीव-पनवेल महामार्ग दाराशी आहे आणि आता विमानतळही सुरू झाला आहे. एवढे सगळे असताना घराच्या किमतीत स्टेडियमचा वाटा नेमका किती, हे वेगळे काढून दाखवणारा दलाल मला तरी भेटला नाही. आमण्यात तर यातले बरेचसे अजून व्हायचे आहे, म्हणून तिथे केवळ स्टेडियमच्या भरवशावर जास्तीचे पैसे मोजताना दहादा विचार करावा असे मला वाटते.

पूर्वेच्या घराची बाजू मी मुळीच कमी लेखणार नाही. रस्ते रुंद होते, दिवे सहसा बंद पडत नसत आणि मोठा सामना जवळ आला की महिनोन्‌महिने न बुजलेले खड्डे आठवड्याभरात बुजत. पुण्याची बस पकडायला महामार्गावरच्या एल.पी. या थांब्यावर जाणेही सोपे होते. आवाजाची लोक फार धास्ती घेतात, पण आमच्या घरात त्याची सवय पंधरा दिवसांत झाली. उलट मुलाला त्याची गंमत वाटे, कारण टीव्हीवर गोलंदाज अजून धावत येत असतानाच खिडकीतून प्रेक्षकांचा जल्लोष ऐकू येई आणि चेंडू सीमेपार जाणार हे आम्हाला काही सेकंद आधीच कळे. प्रकाशझोतांचा त्रास जाड पडद्याने मिटला. सामने, तेही संध्याकाळचे, वर्षातून मोजकेच होतात आणि एरवी हा परिसर नेरुळमधल्या शांत भागांपैकी एक आहे, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

मग अडले कुठे? अडले ते बॅरिकेडपाशी.

२०२२ च्या आयपीएलमध्ये साखळीतले सगळे सत्तर सामने मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यातल्या चार मैदानांवर खेळवले गेले आणि त्यांतले वीस आमच्या वाट्याला आले. म्हणजे मार्चअखेर ते मे या आठ आठवड्यांत वीस संध्याकाळी आमच्या रस्त्याच्या तोंडाशी लोखंडी अडथळे लागले. आत जायचे तर तिथले रहिवासी असल्याचा पुरावा दाखवावा लागे आणि हा पुरावा म्हणजे बहुतेक वेळा विजेचे बिल. आमच्या इमारतीतल्या प्रत्येकाच्या गाडीत पुढच्या कप्प्यात लायसन्सच्या शेजारी विजेचे बिल असे. मी पडलो भाडेकरू, त्यामुळे बिलावर नाव घरमालकाचे. दर वेळी बिल, मग मोबाइलवर भाडेकरार, मग आधार कार्ड अशी तीन कागदांची वरात निघे आणि मागे गाड्यांचे भोंगे सुरू होत. बंदोबस्तावरचे हवालदार सौजन्याने वागत, हे मुद्दाम सांगतो. त्यांच्या जागी मी असतो, तर मीही तेच केले असते.

खरी पंचाईत होई ती येणाऱ्यांची, कारण त्यांच्याकडे दाखवायला काहीच नसे. त्या उन्हाळ्यात एका शनिवारी आमच्याकडे सत्यनारायण होता. तारीख ठरवताना आम्ही पंचांग पाहिले, वेळापत्रक पाहायचे राहून गेले. पाहुणे दुपारीच आल्यामुळे सुटले, पण गुरुजी साडेपाचला स्कूटरवरून आले आणि बॅरिकेडपाशी अडकले. मी बिल घेऊन खाली धावलो. हवालदारांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, “साहेब, हे नाव तर तुमचंही नाही.” गुरुजी पिशवी पोटाशी धरून शांतपणे उभे होते आणि त्यांच्या दोन्ही बाजूंनी निळ्या-पिवळ्या जर्सीतली मुले तोंडाने पिपाण्या वाजवत जात होती. अखेर स्कूटर स्टेशनाजवळ लावून ते पायी आले आणि पूजेला बसायला सात वाजून गेले. घरात कोणी काही बोलले नाही. रात्री प्रसादाची भांडी आवरताना पत्नी एवढेच म्हणाली, “पुढचं घर असं बघू या, की जिथे यायला कुणाला परवानगी लागणार नाही.”

कागदावर मांडायला गेल्यास हा त्रास फारच क्षुल्लक दिसतो. वर्षातल्या वीस-पंचवीस संध्याकाळींचा हिशेब एरवीच्या तीनशे चाळीस शांत दिवसांपुढे टिकत नाही आणि मी स्वतः हाच हिशेब पत्नीला दोनदा समजावून सांगितला होता. त्या हिशेबात एक गोष्ट धरली जात नाही, ती ही की या संध्याकाळी कोणत्या, हे आपण ठरवत नाही. २०२५ च्या महिला क्रिकेट विश्वचषकाचे काही सामने आधी बंगळुरूला व्हायचे होते. जूनमध्ये तिथे स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरी होऊन अकरा जणांचा मृत्यू झाला आणि पुढे ते सामने नवी मुंबईकडे आले. ऑगस्टच्या उत्तरार्धात जाहीर झालेला हा बदल सप्टेंबरअखेर सुरू होणाऱ्या स्पर्धेसाठी होता. ऑक्टोबरचा साखरपुडा आमच्या स्टेडियमजवळच्याच हॉलमध्ये ठरवून बसलेल्या माणसाने काय करावे? शिवाय स्टेडियम केवळ क्रिकेटचे राहत नाही. इथे २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकाचे सामने झाले आणि जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले. सामन्यांचे वेळापत्रक निदान छापून येते, मैफलींचे कोण लक्षात ठेवणार?

पश्चिमेच्या घरात उणिवा नाहीत असे नाही. पाम बीच रस्त्याच्या बाजूने खाडीची दमट हवा येते, डास पूर्वेपेक्षा निश्चितच जास्त आहेत आणि महामार्गावर पोहोचायला दहा-पंधरा मिनिटे अधिक लागतात. कोल्डप्लेच्या तिन्ही रात्री पार्किंगचा लोंढा आमच्या गल्लीपर्यंत आला होता आणि आमच्या फाटकासमोर कोणी तरी गाडी लावून निवांत निघून गेले होते. स्टेशनावरची गर्दी तर दोन्ही बाजूंना सारखीच. पण रस्ता बंद होत नाही, रिक्षा दारापर्यंत येते आणि आल्यागेल्याला कागद दाखवावा लागत नाही.

मला आधी वाटले होते की लांब गेल्यावर स्टेडियमचे सुख जाईल. तसे काही झाले नाही. डिसेंबर २०२३ मध्ये भारत आणि इंग्लंडच्या महिला संघांची कसोटी इथे झाली, तेव्हा मी मुलाला घेऊन नव्या घरातून चालतच गेलो, पाऊण तास लागला आणि वाटेत उसाचा रस पिऊन झाला. भारताने ती कसोटी ३४७ धावांनी जिंकली. माझ्या मते पायी जाता येईल इतके जवळ आणि बॅरिकेड लागणार नाही इतके लांब, एवढे अंतर जमले तर स्टेडियमचा शेजार चांगलाच आहे.

इथे गहुंज्याच्या स्टेडियमचा दाखला उपयोगी पडेल, कारण आमण्याची जात नेरुळपेक्षा गहुंज्याच्या जवळची दिसते. पुण्याबाहेर द्रुतगती मार्गालगत २०१२ मध्ये सुरू झालेल्या त्या स्टेडियमच्या अगदी दाराशी लोकल नाही, त्यामुळे बहुतेक प्रेक्षक आपापल्या वाहनाने येतात. नेरुळला निम्मी गर्दी रेल्वे गिळते, ती सोय तिथे नाही. माझा चुलतभाऊ रावेतला राहतो. सामन्याच्या दिवशी तो दुपारी चारनंतर त्या बाजूला फिरकतच नाही. मोकळ्या माळावरच्या स्टेडियमला गर्दीचा त्रास कमी, असे आपण गृहीत धरतो. तिथे जायला एकच रस्ता असेल, तर तोच रस्ता आपल्या घराचाही असतो, हे गृहीत धरायचे राहून जाते.

ज्यांच्या घरी फारसे येणेजाणे नाही, ज्यांना क्रिकेटचे वेड आहे किंवा ज्यांना घर भाड्यानेच द्यायचे आहे, त्यांना लगतचे घर कदाचित माझ्यापेक्षा अधिक मानवेल. आमच्या जुन्या इमारतीतले एक काका तर ते घर सोडायचे नावही काढत नाहीत. २ नोव्हेंबर २०२५ ला इथे महिला विश्वचषकाचा अंतिम सामना पावसामुळे दोन तास उशिरा सुरू झाला आणि भारताने तो मध्यरात्रीच्या सुमारास जिंकला, तेव्हा मी पलीकडच्या आकाशातली आतषबाजी गच्चीवरून पाहून झोपलो. काकांचा फोन दुसऱ्या दिवशी आला. मुलीला मुंबईच्या विमानतळावर सोडून परतताना त्यांना स्वतःच्या फाटकातून गाडी आत घ्यायला रात्रीचे दोन वाजले होते, पण सांगताना आवाजात कौतुकच होते.

कोणाला बुकिंग करायचेच असेल, तर त्याने आधी एखाद्या सामन्याच्या दिवशी, संध्याकाळी साडेसहा वाजता, कोणताही कागद खिशात न ठेवता त्या इमारतीच्या फाटकापर्यंत जाऊन पाहावे.