बाहेरदेशी जाताय? आधी नाशिकच्या सीबीएस बसस्टँडजवळच्या या काकांना कागद दाखवा

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते पुढे येईलच, पण आधी हे सांगते की हा रिव्ह्यू मी दोन वर्षं उशिरा लिहितेय आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतंय, कारण मधल्या काळात माझ्या ओळखीतलीच तीन घरं नाशिकहून बाहेर गेली आणि तिघांनाही तोच त्रास झाला जो मला झाला होता. तेव्हाच लिहिलं असतं तर निदान एखाद्या घराचा तरी वाचला असता.

दुकान म्हणजे जुन्या सीबीएसजवळ, जिल्हा कोर्टाच्या बाजूला नोटरी आणि टायपिंगवाले बसतात ना, त्या ओळीत एक दहा बाय दहाची खोली. एक टेबल, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, झेरॉक्स मशीन, भिंतीला कॅलेंडर. बोर्डावर फक्त "जन्म-विवाह दाखले, अटेस्टेशन, अपोस्टिल" (अटेस्टेशन म्हणजे कागद खरा असल्याचा सही-शिक्का, आणि अपोस्टिल म्हणजे परदेशात कागद मान्य व्हावा म्हणून सरकार लावतं ते स्टिकर). नाव मी मुद्दाम टाकत नाहीये, काकांनीच नको म्हटलंय, एकटा माणूस आहे, गर्दी झाली तर कागद नीट बघून होत नाहीत म्हणाले. त्या ओळीत "परदेशाचे कागद करणारे काका" असं विचारा, कुणीही दाखवेल.

आता मूळ गोष्ट. आम्ही नेदरलँड्सला आइंडहोवनला असतो. नवऱ्याला तिथे नोकरी लागली, त्याचे सगळे कागद कंपनीने केले, तो आधी गेला. मी आणि मुलगी तीन महिन्यांनी गेलो, २०२२ च्या सप्टेंबरमध्ये. तिथे नियम असा आहे की चार महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर पोचल्यापासून पाच दिवसांच्या आत तिथल्या नगरपालिकेत, तिला ते खेमेन्टे म्हणतात, नाव नोंदवायचं. त्याशिवाय बीएसएन नंबर नाही, आणि बीएसएन नाही म्हणजे बँक नाही, इन्शुरन्स नाही, फॅमिली डॉक्टर नाही, काहीच नाही. आपल्या आधारसारखंच धरा, पण त्याच्यावाचून तिथे पानही हलत नाही.

जायच्या आधी मी नाशिकमध्येच दुसऱ्या एका एजंटकडे कागद दिले होते. त्याने सहा हजार घेतले, जन्मदाखल्याच्या आणि लग्नाच्या सर्टिफिकेटच्या झेरॉक्सवर नोटरीचा लाल शिक्का मारून दिला आणि म्हणाला मॅडम आता जगात कुठेही चालतं. मी विश्वास ठेवला. छान फाइल केली, प्लास्टिकच्या पाकिटात घातली आणि विमानात हातातल्या बॅगेतच ठेवली.

तिथल्या काउंटरवरची बाई अतिशय सौजन्याने बोलणारी होती. अपॉइंटमेंटची वेळ दहा वाजून वीस मिनिटं, दहा एकवीसला माझा नंबर स्क्रीनवर. पासपोर्ट बघितले, हसली, मुलीला रंगवायला चित्राचा कागद दिला. मग माझा जन्मदाखला हातात घेतला आणि पहिलं काम काय केलं तर तो उलटा केला. मागची बाजू कोरी. परत सुलटा केला, परत उलटा. मग लग्नाचं सर्टिफिकेट, तेही उलटं करून बघितलं. आणि शांतपणे म्हणाली की यावर अपोस्टिल नाहीये, हे मी घेऊ शकत नाही. मी म्हटलं अहो हा नाशिक महानगरपालिकेचा गोल शिक्का आहे, ही सही आहे, हा वर नोटरीचा लाल शिक्का आहे. ती म्हणाली, मला समजतंय, पण. एवढंच. "पण"च्या पुढे काही नाही.

आपल्याकडे रांगेत दोन तास उभं राहावं लागतं हे खरं, पण खिडकीपाशी पोचल्यावर "साहेब जरा बघता का, लांबून आलोय" म्हटलं तर समोरचा माणूस निदान मान वर करून बघतो, कधी कधी रस्ताही सांगतो. तिथे रांगच नसते. खुर्ची असते, टोकन असतं, पाणी असतं, कुणी आवाज चढवत नाही, पण विनंती हा प्रकारच चालत नाही, कागद आहे तर आहे आणि नाही तर नाही. पुढची अपॉइंटमेंट मला साडेतीन आठवड्यांनी मिळाली. आपली रांग एका दिवसाची असते, तिथली रांग महिन्यांची असते आणि ती डोळ्यांना दिसत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

पासपोर्ट बरोबर होते म्हणून बीएसएन मिळाला. पण माझ्या नोंदीत लग्नाच्या रकान्यात "अज्ञात" आलं आणि मुलीची आई म्हणून माझं नावच चढलं नाही. चार वर्षांची मुलगी माझा हात धरून उभी आणि सरकारच्या लेखी मी तिची कुणी नाही. तो प्रिंटआउट मी घरी येऊन कपाटात ठेवला, नवऱ्याला सुद्धा दोन दिवस दाखवला नाही. मुलांसाठी तिथे दर तीन महिन्यांनी सरकारी भत्ता मिळतो, तो अडकला. पण पैशाचं सोडा, ते "अज्ञात" मला फार लागलं.

मग कागद कुरिअरने नाशिकला पाठवले, इंदिरानगरला पप्पांकडे. शेजारच्या वकील काकूंनी या काकांचं सांगितलं. पप्पा गेले आणि मला व्हिडिओ कॉल लावून फोन टेबलावरच्या पेनस्टँडला टेकवून ठेवला, त्यामुळे पुढचं सगळं मी डोळ्यांनी बघितलंय.

काकांनी कागदाला हातच लावला नाही आधी. पहिला प्रश्न, देश कुठला? मग नोकरीवर का शिक्षणाला, किती वर्षं, सोबत कोण? दुबईचं असेल तर अपोस्टिल चालत नाही, दूतावासाचं अटेस्टेशन लागतं. कॅनडा २०२४ च्या जानेवारीपासून अपोस्टिलमध्ये आला, त्याआधी नव्हता (हे त्यांनी मला नंतरच्या भेटीत सांगितलं). जर्मनीने भारताच्या बाबतीत हरकत घेतलीय म्हणून तिथे जाणाऱ्याने अपोस्टिलवर पैसे घालवायचेच नाहीत, त्यांची पडताळणी वेगळी. हे सगळं त्यांना तोंडपाठ. अपोस्टिल म्हणजे काय हेही मला पहिल्यांदा त्यांच्याकडूनच नीट कळलं. १९६१ चा हेगचा करार आहे, भारत त्यात २००५ मध्ये आला, आणि त्यात असलेले देश एकमेकांचे सरकारी कागद एका ठरलेल्या स्टिकरवर मान्य करतात. ते स्टिकर दिल्लीचं परराष्ट्र मंत्रालय देतं, आणि त्याआधी आपल्या राज्याचा, म्हणजे मुंबईला मंत्रालयाचा शिक्का लागतो. नोटरीचा लाल शिक्का त्याची जागा घेऊच शकत नाही. ते सहा हजार आठवून माझा जीव तुटला.

मग कागद घेतले. लग्नाचं सर्टिफिकेट, तो नमुना ई, लॅमिनेट केलेला होता. पप्पांनीच केला होता, खराब होऊ नये म्हणून, आमच्या घरात दहावीच्या मार्कशीटपासून सगळंच लॅमिनेट आहे. काकांनी तो ट्यूबलाइटसमोर धरला, कडेने नख फिरवलं, आणि म्हणाले, "एवढे शिकलेले तुम्ही, आणि लॅमिनेशन करता? स्टिकर लावायचं कुठे, प्लास्टिकवर? हा कागद मेला." पप्पांचा चेहरा एवढासा झाला. मला तिकडे बसून राग आला, पण ते बरोबर होतं.

माझा जन्मदाखला १९८९ चा, त्यात वेगळीच भानगड. फक्त मराठीत, आणि बाळाच्या नावाचा रकाना रिकामा. तेव्हा हॉस्पिटलमधून नोंद जायची, बारसं नंतर व्हायचं, आणि नाव घालायला कुणी परत जायचंच नाही, तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या दाखल्यात असंच असेल, आजच काढून बघा. मला भारतात याची कधी गरजच पडली नाही, सगळीकडे शाळा सोडल्याचा दाखला चालला. डच लोक डच, इंग्रजी, जर्मन आणि फ्रेंच एवढ्याच भाषांतले कागद घेतात, बाकी भाषा असेल तर अधिकृत भाषांतर लागतं. काकांनी सांगितलं भाषांतर करू नका, महापालिकेच्या विभागीय कार्यालयातून आधी नाव घालून घ्या आणि मराठी-इंग्रजी दोन्हीत असलेला नवीन दाखला काढा, एकच का, तीन प्रती काढा. नाव घालायला पंधरा वर्षांची मुदत असते पण सरकार ती मधून मधून वाढवतं, त्या वेळी वाढवलेली होती.

सगळ्यात जास्त वेळ त्यांनी स्पेलिंगवर घालवला. आमचं आडनाव चौधरी. पासपोर्टवर ते "ए यू" ने, लग्नाच्या सर्टिफिकेटवर "ओ यू" ने, आणि मुलीच्या जन्मदाखल्यावर शेवटी "आय"च्या जागी "वाय". आम्ही इतकी वर्षं हे कागद हाताळतोय, कुणाच्या लक्षात नाही. काकांनी स्टीलची पट्टी एकेका ओळीखाली धरून, पेन्सिलीने एकेक अक्षराला टेकवत, मोठ्याने वाचलं. वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून आलंय का पहिल्या नावाला चिकटलंय, तेही. आपली नावं लिहायची पद्धत त्यांच्या फॉर्ममध्ये बसत नाही, म्हणून सगळीकडे एकसारखी चूक असली तरी चालेल पण दोन कागदांवर दोन प्रकार नकोत, असं म्हणाले. लग्नानंतर माझं आडनाव बदललं त्यासाठी लग्नाचं सर्टिफिकेटच पूल आहे, तेच सगळ्यात आधी दुरुस्त करा, हेही त्यांनीच सांगितलं.

तिथून पप्पांनी विभागीय कार्यालयाच्या चार फेऱ्या मारल्या. तिथल्या जन्म-मृत्यू विभागातल्या ताईंनी खूप सांभाळून घेतलं त्यांना, अर्ज स्वतः तपासून दिला, हे लिहायलाच हवं.

काकांचा खर्च. एका कोऱ्या कागदावर त्यांनी आकडे वेगवेगळे लिहून दिले, मुंबईच्या मंत्रालयाचं काम, परराष्ट्र मंत्रालयाची अपोस्टिलची फी एका कागदाला ५० रुपये, परराष्ट्र मंत्रालय थेट आपल्याकडून कागद घेत नाही म्हणून नेमलेल्या एजन्सीचा चार्ज, कुरिअर, आणि स्वतःची मजुरी. तीन कागदांचे मिळून ७,२०० झाले. स्वस्त नाही, पण कशाचे किती ते मला कळलं, आधीच्या एजंटकडे सहा हजार कशाचे ते आजपर्यंत कळलेलं नाही.

आणि जे त्यांचं कामच नव्हतं तेही त्यांनी सांगितलं. मुलीच्या लसीकरणाचं कार्ड डॉक्टरांच्या अक्षरात आहे, ते लेटरहेडवर इंग्रजीत तारखांसकट लिहून घ्या, तिथे विचारतात (विचारलं!). नवऱ्याचं लायसन्स तिथे १८५ दिवसच चालतं, पण त्याला बाहेरदेशातून आलेल्या नोकरदारांना मिळते ती टॅक्सची तीस टक्क्यांची सवलत असेल तर परीक्षा न देता बदलून मिळतं. हे त्यांना कसं माहीत म्हणाल तर जे जे गिऱ्हाईक जाऊन येतं त्याला बसवून विचारतात, तिकडे काय मागितलं, कशावर अडवलं, आणि एका जाड वहीत देशाप्रमाणे लिहून ठेवतात. मी परवा गेले तेव्हा नेदरलँड्सच्या पानावर माझंही लिहून घेतलं. पत्रपेटीवर आडनावाची पट्टी लावा, कारण तिथे डिजीडीचा, म्हणजे सरकारी वेबसाइटवरच्या लॉगिनचा, कोड सुद्धा पोस्टाने येतो, आणि हेल्थ इन्शुरन्स चार महिन्यांच्या आत घ्यायचाच, त्या मुदतीत कधीही घेतला तरी हप्ता मागच्या तारखेपासून भरावाच लागतो, हे मी सांगितलं आणि त्यांनी वाक्य न वाक्य उतरवलं.

आता अर्धा स्टार. दोन आठवडे म्हणाले आणि पाच लागले, त्यात मधले अठरा दिवस एक मेसेज नाही, फोन उचलत नाहीत, पप्पा उन्हात दोनदा जाऊन आले तर दुकान बंद. दुपारी दीड ते चार उघडतच नाहीत. बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, मागा. आणि वयस्कर माणसाशी जरा मऊ बोलायला हवं, त्या लॅमिनेशनवरून पप्पा अजून बोलतात. गाडी घेऊन जाऊ नका, त्या भागात लावायला जागा मिळत नाही, रिक्षाने जा.

कागद परत आले तेव्हा मी परत तीच अपॉइंटमेंट घेतली, काउंटर वेगळा, माणूस वेगळा. त्यानेही पहिलं काम तेच केलं, कागद उलटा केला. मागे स्टिकर होतं. त्यावरचा नंबर बघितला, टाइप केलं, दुसरा कागद उलटा केला, तिसरा केला. बारा मिनिटं लागली. नवीन प्रिंटआउट दिला, त्यात मुलीच्या नावाखाली आईच्या रकान्यात माझं नाव, स्पेलिंग "ए यू" ने, बरोबर. मी तो फोटो काढून पहिल्यांदा पप्पांना पाठवला आणि त्यांनी तो काकांना नेऊन दाखवला.

सध्या मी सुट्टीला नाशिकला आहे. दिराला पोलंडला नोकरी लागलीय, त्याचे कागद सोमवारी काकांकडे दिलेत, लॅमिनेशन न केलेले. शुक्रवारी अकराच्या आत बोलावलंय.