घरखर्च: लिफाफ्यातली रोख की यूपीआय?

भाचीला पहिली नोकरी लागली आणि वीस तारखेलाच खातं रिकामं. तिचा प्रश्न: पगार झाला की खर्चाची रोख काढून ठेवू, की यूपीआयच चालू देऊ?

आधी पैसे देतानाची टोचणी. पाचशेची नोट मोडताना हात आखडतो, क्यूआर स्कॅन करताना नाही. प्रेलेक आणि सिमेस्टर या संशोधकांच्या, २००१मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेच्या एमआयटी विद्यापीठातल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांसाठी बोली लावली; काहींना पैसे क्रेडिट कार्डाने द्यायचे होते, काहींना रोखीने. कार्डवाल्यांची सरासरी बोली रोखवाल्यांच्या दुपटीच्या आसपास गेली. यूपीआय म्हणजे उधारी नव्हे, पैसे तिथल्या तिथे जातात. पण जाताना दिसत नाहीत, गोम तिथेच आहे.

दुसरं, मनातले कप्पे: आपण पैसे मनातल्या मनात कामांनुसार वेगळे ठेवतो. अर्थशास्त्राचं नोबेल (२०१७) मिळालेल्या रिचर्ड थेलर यांनी याचा सिद्धांत मांडला. माझी आई तो लिफाफ्यांवर पेन्सिलीने लिहायची: दूध, भाजी, भिशी. भाजीचा लिफाफा संपला की पिठलं! यूपीआयला सगळे पैसे सारखेच. मात्र कप्पे आंधळेही करतात. ‘सहली’च्या लिफाफ्याला हात न लावता कार्डाच्या थकबाकीवर व्याज भरणारे मी पाहिलेत.

हिशोबात यूपीआय सरळ पुढे, नोंद आपोआप राहते. सुट्ट्या पैशांची कटकटही नाही.

भाडं, वीजबिल, किराणा या ठरलेल्या खर्चांना यूपीआय. बाहेरचं खाणं, कपडे यात हात सैल सुटत असेल तर तेवढ्यापुरती रोख, आठवड्याची. आणि ज्याला रोजचा खर्च लिहायची सवय आहे, त्याने रोखीच्या भानगडीत पडूच नये.