पीसीडी इन्सर्ट: सहा महिने ॲल्युमिनियमवर चालवल्यानंतरचा रिव्ह्यू

आमचं काम बहुतेक ॲल्युमिनियम कास्टिंगचं, त्यातही पिस्टनला वापरतात तसलं जास्त सिलिकॉनवालं मटेरियल, १७ टक्क्यांच्या आसपास. ज्यांनी हे लेथवर टर्न केलंय त्यांना सांगायला नको की कार्बाइडची, म्हणजे नेहमीच्या टंगस्टन कार्बाइडच्या कटिंग टिपची, काय हालत होते. सकाळी नवीन टिप लावली की दुपारी साइझ पळायला लागते, मग दर चार जॉबला ऑफसेट, म्हणजे मशीनमध्ये टूलच्या जागेची दुरुस्ती, देत बसा आणि संध्याकाळपर्यंत फिनिश पण गेलेली. शेवटी ८० अंशी, ०.४ एमएम नोज रेडियसचा (टोकाच्या गोलाईचा) पीसीडी, म्हणजे पॉलिक्रिस्टलाइन डायमंडचा, इन्सर्ट मागवला, म्हणजे कार्बाइडच्या बॉडीला फक्त एका कोपऱ्यात कृत्रिम हिऱ्याचा छोटा तुकडा ब्रेझ केलेला असतो तो.

पहिल्याच दिवशी फरक दिसला. ४० एमएमचा जॉब, ४००० आरपीएम, म्हणजे मिनिटाला ५०० मीटर कटिंग स्पीड, आणि आमचं मशीन याच्या वर जात नाही म्हणून तिथे थांबलो, इन्सर्टची काही तक्रार नव्हती. फिनिश अशी की बोट फिरवलं तर टूलमार्क लागत नाही. पण मला फिनिशपेक्षा साइझचं जास्त कौतुक वाटलं. पूर्ण शिफ्टमध्ये ऑफसेटला हात लावला नाही आणि बोअर टॉलरन्समध्येच राहिला, हे मी कार्बाइडवर कधी बघितलेलं नाही.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे कुठे वापरायचा तेही कळेल. त्या ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉनचे कडक कण असतात, ते वाळूसारखे धार घासत राहतात. हिरा त्या कणांपेक्षा कितीतरी कडक, त्यामुळे तो त्यांना जुमानत नाही. दुसरं म्हणजे ॲल्युमिनियम हिऱ्याला चिकटत नाही. कार्बाइडवर धारेवर थर बसतो, मग तो तुटताना धार पण घेऊन जातो आणि जॉबवर ओरखडे येतात, ते इथे जवळजवळ बंद झालं. शिवाय हिरा उष्णता भराभर ओढून घेतो, चांगला शुद्ध हिरा तर तांब्याच्या पाचपट. पीसीडीमध्ये कोबाल्ट मिसळलेलं असल्यामुळे तेवढी नाही, तरी कार्बाइडपेक्षा बरीच जास्त.

आता नुकसान झालं ती गोष्ट. दुसरा इन्सर्ट आणला तेव्हा एका नवीन मुलाने तोच होल्डर स्टीलच्या शाफ्टवर चालवला, दोन पासमध्ये धार संपली. त्याला वाटलं हिरा आहे, सगळ्यात कडक, मग स्टील काय चीज आहे. आमचे जुने ऑपरेटर, ज्यांना सगळे काका म्हणतात, ते त्याला शांतपणे म्हणाले, "अरे, हिरा म्हणजे कार्बनच ना, गरम लोखंड कार्बन खाऊन टाकतं." अगदी खरंय. कटिंगच्या जागी तापमान ७०० अंशांच्या पुढे गेलं की हिऱ्यातला कार्बन लोखंडात विरघळायला लागतो, धार बोथट होत नाही, विरघळून जाते. त्यात पीसीडीमधला कोबाल्ट जास्त गरम झाला की हिऱ्याचं ग्राफाइट व्हायला मदत करतो ते वेगळंच. कडक स्टील असेल तर सीबीएन (क्युबिक बोरॉन नायट्राइड) घ्या, त्यात कार्बनच नाही. मी आता होल्डरला लाल टेप लावून ठेवलीये आणि त्या ड्रॉवरमध्ये दुसरं काही ठेवत नाही.

तक्रारी दोन. एक, वरचा फेस सपाट आहे, चिपब्रेकर (चिप तोडणारी खाच) नाही, त्यामुळे मऊ ग्रेडच्या ॲल्युमिनियमला लांब चिप निघते, जॉबला गुंडाळते आणि एवढी मेहनत करून आणलेली फिनिश ओरबाडून टाकते. लेझरने चिपब्रेकर कापलेले इन्सर्ट मिळतात, पुढच्या वेळी तेच. दुसरी जास्त गंभीर, बॉक्सवर ग्रेन साइझ, म्हणजे हिऱ्याच्या कणांचा आकार, लिहिलेलीच नव्हती आणि विचारलं तर विकणाऱ्याला सांगता आलं नाही. अहो हाच तर मुख्य मुद्दा आहे! २ मायक्रॉनचे बारीक कण असतील तर धार जास्त तीक्ष्ण येते आणि फिनिश चांगली, २५ मायक्रॉनचे जाड असतील तर झीज कमी, म्हणजे जास्त सिलिकॉनला ते बरे. हे न सांगता टूल विकणं मला पटत नाही.

ठोका अजिबात सहन होत नाही. मायक्रोमीटर हातातून निसटून धारेला टेकला तरी टवका उडू शकतो. लावायच्या आधी १० पट भिंगातून धार बघायची सवय लावा, मी प्रत्येक सेटिंगला बघतो.

बोथट झाला की फेकू नका. डायमंड व्हीलवर परत धार लावून मिळते, आणि गंमत म्हणजे वायर ईडीएमवर, म्हणजे तारेतून विजेच्या ठिणग्या पाडून कापणाऱ्या मशीनवर, पण कापता येतो. हिऱ्यातून करंट जात नाही, पण कणांच्या मधे कोबाल्टचं जाळं असतं त्यातून जातो. सीव्हीडी हिऱ्याच्या (वायूपासून थर बसवून बनवलेल्या हिऱ्याच्या) टिपमध्ये कोबाल्ट नसतो, ती अजून टिकते पण साधारणपणे ईडीएमला दाद देत नाही, लेझर लागतो. एक गोष्ट मला खरंच थक्क करते. १९५४ मध्ये जनरल इलेक्ट्रिकमध्ये ट्रेसी हॉल यांनी प्रेसमध्ये हिरा बनवला, वातावरणाच्या ५०-६० हजार पट दाब आणि वितळलेला धातू असा तो रस्ता, आणि आज त्याच रस्त्याने बनलेले बारीक कण माझ्या लेथवर पिस्टन कापतायत, तेच तेलाच्या विहिरी खोदणाऱ्या ड्रिल बिटवर खडक कापतायत.

पाचपैकी साडेचार. अर्धा त्या न लिहिलेल्या ग्रेन साइझचा कापला. पुढची ऑर्डर २५ मायक्रॉन, चिपब्रेकरसकट, आणि आकडा लेखी घेतल्याशिवाय देणार नाही.