आयव्ही लीग की पेट्रियट लीगची स्कॉलरशिप? फुटबॉल खेळणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी

हायस्कूलला अमेरिकन फुटबॉल चांगला खेळणारा आणि अभ्यासातही पुढे असलेला मुलगा घरात असला, की ज्युनियर इयर (अकरावी) संपता संपता हा प्रश्न समोर येतोच. एकीकडे ब्राउन, कोलंबिया, डार्टमथ अशा आयव्ही लीगच्या कॉलेजांचे कोच फोन करत असतात. दुसरीकडे लीहाय, लाफायेट, कोलगेट, होली क्रॉस अशी पेट्रियट लीगची, म्हणजे आपसांत सामने खेळणाऱ्या कॉलेजांच्या दुसऱ्या गटातली, कॉलेजं असतात, आणि त्यांच्या ऑफरमध्ये पैसे असतात. आमच्याकडे न्यू जर्सीत नेमकी हीच वेळ आली होती. लेक आउटसाइड लाइनबॅकर, म्हणजे बचाव फळीत खेळणारा, शिकायचं होतं मेकॅनिकल इंजिनिअरिंग. स्टॅनफर्ड किंवा ड्यूकने बोलवावं एवढा त्याचा खेळ नव्हता, आणि विल्यम्स किंवा एमआयटीसारख्या डिव्हिजन थ्रीच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या खालच्या गटातल्या, कॉलेजांना त्याचं मन तयार होईना. म्हणून इथे फक्त या दोन लीगांबद्दल लिहितो.

आधी पैसे. आयव्हीत खेळासाठी एक डॉलरही मिळत नाही, 1954 च्या करारापासून तसंच चालत आलंय. जी मदत मिळते ती घरचं उत्पन्न बघून. पेट्रियट लीगने मात्र 2013 पासून फुटबॉलला स्कॉलरशिपची मुभा दिली आणि तिथली बहुतेक कॉलेजं ती देतात. वर्षाचा खर्च दोन्हीकडे नव्वद हजार डॉलरच्या आसपास जातो, त्यामुळे अनेक घरांत निर्णय इथेच होतो. तरी थोडं थांबा. हार्वर्डने 2025-26 पासून दोन लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना ट्यूशन माफ केली आहे, आणि प्रिन्स्टनही मदतीला हात आखडता घेत नाही. प्रत्येक कॉलेजच्या नेट प्राइस कॅल्क्युलेटरमध्ये आपले खरे आकडे भरा, मगच बोला. आम्ही दोघंही नोकरी करतो, आमच्या वाट्याला मदत थोडीच आली. पेट्रियटची ऑफर पूर्ण खर्चाची होती. चार वर्षांचा फरक बायकोने कागदावर मांडून फ्रिजवर लावला होता, आणि तो आकडा बघून पोटात गोळा यायचा.

खेळाच्या दर्जावर फार वेळ घालवू नका. दोन्ही लीग एफसीएसमध्येच, म्हणजे डिव्हिजन वनच्या दुसऱ्या पातळीवरच, आहेत. आयव्हीत दहाच सामने होतात हे खरं, पण 2025 च्या सीझनपासून त्यांचा विजेता राष्ट्रीय विजेतेपदाच्या प्लेऑफला जातो, त्यामुळे आयव्हीला प्लेऑफ नाही ही जुनी तक्रार उरली नाही. एनएफएलचं, म्हणजे व्यावसायिक लीगचं, स्वप्न कुठूनही अवघडच. हार्वर्डचा रायन फिट्झपॅट्रिक 2005 मध्ये सातव्या फेरीत निवडला गेला आणि सतरा सीझन खेळला, पण असं नाव क्वचितच निघतं. एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या.  आयव्हीत ग्रॅज्युएट झालेल्या मुलाला खेळू देत नाहीत, खेळण्याचं एखादं वर्ष उरलं असेल तर ते दुसऱ्या कॉलेजात जाऊन खेळावं लागतं.

आई-बापाच्या काळजीला आयव्हीकडे एक चांगलं उत्तर आहे. डार्टमथचे तेव्हाचे कोच बडी टीव्हन्स यांनी 2010 मध्ये सरावात एकमेकांना टॅकल करणं (अंगावर झेपावून पाडणं) बंद केलं, आणि 2016 मध्ये सगळ्या लीगने सीझनमधल्या सरावापुरता तोच मार्ग धरला. डार्टमथच्याच इंजिनिअरिंग स्कूलमध्ये त्यासाठी रोबो तयार झाला. माणसाच्या उंचीची, जाड फोमने मढवलेली डमी रिमोटवर पळते, मध्येच दिशा बदलते, आणि मुलं तिच्यावर झेप घेतात. लाइनबॅकरच्या आईला ते बघून किती बरं वाटतं, हे मी घरात पाहिलंय.

पण आमचा निर्णय झाला तो दुपारच्या लॅबवरून.

पेट्रियट लीगच्या एका कॉलेजात, नाव घेत नाही, व्हिजिट फार छान चालली होती. लेकाने पोझिशन कोचना (त्याच्या जागेवर खेळणाऱ्यांच्या कोचना) विचारलं, दुसऱ्या वर्षी इंजिनिअरिंगच्या लॅब दुपारी असतात आणि तीच टीमच्या मीटिंगची वेळ, मग करायचं काय? ते म्हणाले, काळजी करू नकोस, आपण जमवून घेऊ. संध्याकाळी त्याने टीममधल्या मुलांना तेच विचारलं. एकाने मेकॅनिकल सोडून बिझनेस घेतला होता. एकजण लॅब उन्हाळ्यात उरकत होता, म्हणजे इंटर्नशिप गेली. मेजर (मुख्य विषय) बदलून टाक असं कुणीच त्यांना सांगितलेलं नव्हतं. मीटिंग चुकली की डेप्थ चार्टवर (कोणाला आधी खेळवायचं त्या यादीत) नाव खाली सरकतं आणि स्कॉलरशिपही टीमशी बांधलेली, एवढ्यावर मुलं काय ते समजून जातात. त्यानंतर प्रत्येक कॉलेजात आम्ही लॅबचंच विचारत सुटलो. आयव्हीतल्या एका कोचने स्वतःहून आठवड्याचा तक्ता दाखवला. लॅब असलेली मुलं त्या दिवशी उशिरा येतात आणि त्यांची फिल्म, म्हणजे सामन्यांचे व्हिडिओ बघण्याची बैठक, रात्री जेवणानंतर होते, हे त्यात लिहिलेलंच होतं. तिथे गुडघा गेल्यावर खेळ सोडलेला एक मुलगाही भेटला. त्याची मदत तशीच चालू होती, कारण ती फुटबॉलसाठी नव्हतीच.

सगळी पेट्रियट कॉलेजं अशीच असतील असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या एखाद्या कोचकडे अनुभव वेगळा येईल, आणि आयव्हीतही सगळे कोच सारखे नसतात.

शिवाय आयव्हीचा मार्ग जिवाला घोर लावणारा आहे. मुलगा कमिट झाल्याचं जाहीर करतो, पण ॲडमिशन ऑफिसचं लाइकली लेटर, म्हणजे प्रवेश जवळपास नक्की असल्याचं पत्र, 1 ऑक्टोबरच्या आधी निघत नाही. तोवर हातात कोचचा शब्द, बाकी काही नाही, आणि पेट्रियटवाले काही थांबून राहत नाहीत. त्यांना नाही कळवल्यावर ते पत्र हातात पडेपर्यंत आम्हाला धड झोप नव्हती. म्हणून उन्हाळ्यातच ट्रान्सक्रिप्ट आणि सॅटचे मार्क पाठवून प्री-रीड, म्हणजे अर्जाआधीची प्राथमिक तपासणी, करून घ्या. अकॅडमिक इंडेक्समध्ये (मार्कांवरून काढलेल्या आयव्हीच्या निर्देशांकात) मुलगा कुठे बसतो ते विचारा. ॲडमिशनने फाइल पाहिली का, आणि कोचचा पूर्ण सपोर्ट याच मुलाला आहे का, हेही स्पष्ट विचारा. उत्तर गोलगोल आलं तर पेट्रियटची ऑफर हातची सोडू नका.

धाकटं भावंड लवकरच कॉलेजला जाणार असेल, मदत मिळण्याची शक्यता नसेल आणि मुलाला इकॉनॉमिक्स किंवा इतिहास शिकायचा असेल, तर मीही कदाचित स्कॉलरशिपच घेईन. इंजिनिअरिंग असेल, प्रीमेड (मेडिकलची पूर्वतयारी) असेल, तर कर्जाचा थोडा भार उचलूनही आयव्हीकडे बघावं असं मला वाटतं. आम्ही तो उचललाय आणि लेक अजून मेकॅनिकललाच आहे. व्हिजिटला जाल तेव्हा तिसऱ्या वर्षाच्या, लॅबवाला विषय घेतलेल्या खेळाडूला कोच जवळपास नसताना गाठा, आणि त्याचं मागच्या फॉल सेमिस्टरचं वेळापत्रक त्याच्या फोनवर बघून घ्या.