गिअर तिरक्या दांड्यावर की ब्रेकच्या लिव्हरमध्ये?

स्टीलची रोड सायकल घ्यायचं एकदा नक्की झालं की फ्रेमवरून फारशी हुज्जत उरत नाही. बारीक नळ्या, आडवा वरचा दांडा, सांध्यांवर नळ्या जोडणारे लग. हे आवडलं म्हणूनच तर आपण ॲल्युमिनियम आणि कार्बन सोडून इकडे वळलो. घोडं अडतं ते पुढे. गिअर बदलायचे शिफ्टर जुन्या पद्धतीनं खालच्या तिरक्या दांड्यावर ठेवायचे, की ब्रेकच्या लिव्हरमध्येच गिअर असलेला नवा सेट बसवायचा? माझ्याकडे दोन्ही तऱ्हांच्या सायकली आहेत, दोन्ही दापोलीतच वापरल्यात, आणि दोन्हींनी इथला पाऊस पुरेसा खाल्लाय.

दिसण्यापुरतं बोलायचं तर जुन्या पद्धतीशी स्पर्धाच नाही. बगळ्याच्या मानेसारखा वर येऊन पुढे वाकलेला चकचकीत स्टेम (हँडल धरणारा दांडा), ब्रेक लिव्हरच्या डोक्यातून निघून हवेत कमान टाकणाऱ्या दोन वायरी, बाकी हँडल मोकळं. सायकल पडवीत टेकवली की पोस्टमनसुद्धा क्षणभर थांबतो. नव्या लिव्हरचे काळे जाड ठोकळे त्या नाजूक फ्रेमवर मला परके वाटतात. पण पडवीत शोभणं हा काही निकष नव्हे.

चालवताना मात्र लिव्हरमधले गिअर सरस. १९९० नंतर काही वर्षांतच शर्यतीवाल्यांनी दांड्यावरचे शिफ्टर टाकून दिले ते उगाच नाही. आपला किनाऱ्याचा रस्ता सपाट आहे कुठे? सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळपठारावरून, खाडीकडे उतरा, खाडी ओलांडा, पुन्हा सड्यावर चढा. उताराच्या तळाशी वळण, वळणावर म्हैस नाहीतर समोरून एसटी, आणि वळण संपताच अंगावर येणारा चढ. अशा जागी हँडलवरचा एक हात काढून गुडघ्यापाशी न्यायचा म्हणजे पहिले काही महिने पोटात गोळाच येतो. उभं राहून पॅडल मारताना तर गिअर बदलणं विसराच. आधी बदलून ठेवावा लागतो. मी दोनदा विसरलो आणि दोन्ही वेळा भर चढावर पाय टेकले.

इतकं असूनही माझा कौल फिरला तो एका वायरीमुळे.

गिअरची वायर जेमतेम १.२ मिलिमीटर जाडीची. नव्या लिव्हरच्या पोटात ती अगदी तोकडं वळण घेते, मग हँडलच्या टेपखालून बाहेर पडेपर्यंत आणखी वळणं. प्रत्येक गिअरला तीच जागा वाकते आणि सुटते. त्यात आपली खारी हवा. बाहेरच्या कव्हरमध्ये पाणी आणि तांबडी माती शिरली की वायर जड होत जाते, आणि आत एकेक धागा तुटत असतो तो दिसत नाही.

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टात मी दाभोळच्या उतारावर होतो. मागचा गिअर दोन दिवस कुरकुरत होता, मी काणाडोळा केला. जेटी दोन वळणं खाली असताना लिव्हर एकदम पोकळ झाली, बोटाला काही लागेचना. वायर तुटली की स्प्रिंग चेनला मागच्या सर्वांत लहान दातेरी चाकावर, म्हणजे सर्वांत जड गिअरवर, नेऊन ठेवते. फेरीबोटीत चढल्यावर लिव्हरचं रबर सरकवून पाहिलं. वायरीचं डोकं आत रुतलेलं आणि भोवती धागे केरसुणीसारखे फुललेले. शेजारच्या बाईंनी दिलेल्या सेफ्टी पिनेनं एकेक ओढत बसलो. दोन धागे तर्जनीत घुसले, डोकं काही हललं नाही. वाशिष्ठी ओलांडायला वेळ तो कितीसा लागतो! धोपाव्याला उतरून डिरेलरवरचा (चेन एका चाकावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्रणेवरचा), चेनची लहान चाकाकडची हद्द ठरवणारा ‘एच’चा स्क्रू आवळला, चेन कशीबशी एक चाक वर ढकलली, आणि तरीही गुहागरच्या वाटेवरचा तो पहिला चढ सायकल हातात धरूनच चढलो. घरी टॉर्च आणि चिमटा घेऊन सव्वा तास गेला, हँडलची टेप उसवली ती वेगळीच. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच.

दांड्यावरच्या शिफ्टरची वायर डोळ्यांसमोर उघडी. तिथून खाली, पॅडलच्या आसाखालून मागे. कव्हर लागतं ते मागच्या डिरेलरपाशी वीतभर. गंज दिसतो, धागा तुटला तर बोट फिरवताना टोचतो. गेल्या वर्षी केळशीच्या अलीकडे ती तुटली तेव्हा टपरीवर चहा सांगितला आणि तो येईपर्यंत नवी ओवून झाली होती.

शिवाय माझे शिफ्टर खटक्याचे, म्हणजे प्रत्येक गिअरला ठरलेल्या जागीच थांबणारे, नाहीत, घर्षणावर थांबणारे आहेत. खटक्याच्या गिअरमध्ये वायर जराशी अडखळली की चेन दोन चाकांच्या मध्ये खडखडत राहते. इथे केसभर आणखी सरकवायचं, आवाज थांबला की झालं. या शिफ्टरला मागे चाकं किती याच्याशी देणंघेणं नसतं. जुन्या सायकलींना पुढे ५२-४२ दातांची आणि मागे अगदी छोटी चाकं असत. ती आपल्या चढांवर गुडघे मागतात. मी मागे ३२ दातांपर्यंतचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकांचा संच, आणि त्याला पुरणारा लांब पिंजऱ्याचा डिरेलर लावला, शिफ्टर तेच राहिले. नव्या सेटमध्ये लिव्हर, डिरेलर, कॅसेट (मागच्या चाकांचा नव्या तऱ्हेचा संच) सगळ्यांची कुंडली जुळावी लागते.

जुन्या थाटाची एक खोड आधीच सांगतो. ॲल्युमिनियमचा स्टेम स्टीलच्या नळीत उतरलेला असतो, आणि खाऱ्या हवेत हे दोन धातू एकमेकांना असे धरतात की हातोडीही हरते. मे महिन्यात एकदा उपसून ग्रीस लावणं चुकवू नका. सीटच्या नळीचंही तसंच, पण ते दोन्ही सायकलींना लागू.

तुम्ही ग्रुपबरोबर जोरात चालवणार असाल, किंवा २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे वेळेची मर्यादा असलेली लांब पल्ल्याची फेरी, साडेतेरा तासांत पुरी करायचा बेत असेल, तर लिव्हरमधले गिअर घ्या आणि पावसाआधी वायरी बदला, चांगल्या दिसल्या तरी. कदाचित चूक माझीच. वेळेवर बदलल्या असत्या तर मी आज उलटं लिहीत असतो. हँडलच्या टोकांना बसणारे शिफ्टर हा मधला मार्ग आहे. मित्राची तशी सायकल अर्धा दिवस चालवली, वळताना गुडघा दोनदा आपटला, सोडून दिला. एकट्यानं, आपल्या चालीनं, पावसातही फिरायचं असेल तर मात्र दांड्यावरच्या शिफ्टरना निदान एक पावसाळा द्यावा असं मला वाटतं. फ्रेमवर त्यांच्यासाठी बसक्या (शिफ्टर अडकवायच्या खुंट्या) नसतील तर २८.६ मिलिमीटरच्या नळीला बसणारा पट्टा मिळतो.

नवी सायकल विकलेली नाही. दिवाळीनंतर रस्ते कोरडे झाले की निघते, आणि हर्णै-आंजर्ले करताना खरंच मजा देते. मृगाच्या आधी पुसून माळ्यावर जाते.